शेततळ्यातली नाव आणि पितळी चाक : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर, रविवार. अंबड, नाशिक

भाचीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरला. जहाजाचं रोलिंग, म्हणजे डाव्या-उजव्या अंगावर होणारं डोलणं, फिरत्या चाकानं कमी करायचं. मॉडेल करायचं, मोजायचं, रिपोर्ट द्यायचा. गटात चौघं आहेत. त्यातले तिघं रिपोर्ट टाइप करणार आणि ही माझ्या लेथवर उभी राहणार, अशी वाटणी झालेली दिसते.

कॉलेजातले सर हसले म्हणे. "रामकुंडाच्या पाण्यावर तुम्ही जहाजं सावरणार?" मी तिला म्हटलं, ओझरला विमानं बनतात, तेव्हा नाशिकला आकाश किती असं कुणी विचारत नाही.

मी हो म्हणालो त्याला माझं एक खासगी कारण आहे. चार वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलो होतो. होडी चालू होती तोवर मी ठीक होतो. किल्ल्याच्या धक्क्याजवळ पुढची होडी रिकामी होईपर्यंत आमची थांबली आणि तिथं, उभ्या होडीत, मी सकाळचे पोहे समुद्राला दिले. बायको अजून सांगते चारचौघांत. पण मला तेव्हापासून प्रश्न आहे, की चालती होडी कमी डोलते आणि उभी होडी जास्त, असं का?

ही वही माझी. तिच्या रिपोर्टात बसणार नाही ते इथं लिहीन.

१० डिसेंबर

नाव कशाची करायची यावर दोन दिवस गेले. प्लायवूड, थर्माकोलवर फायबर, सगळं बोलून झालं. शेवटी शेजारच्या शेडमागे पडलेला ३१५ मिमीचा पीव्हीसी पाइप दिसला. १.१ मीटर तुकडा, उभा चिरून अर्धा घेतला, दोन्ही टोकांना प्लायची भिंत, सिलिकॉननं बंद. दिसायला गुरांच्या गव्हाणीसारखी. भाची नाराज. तिला नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, हवी होती, टोकदार. मी म्हटलं आपल्याला डोलणारी पाहिजे, पळणारी नको.

अर्धगोल तळाचा एक फायदा तिनंच शोधला. नाव कलली की पाण्याचा वर ढकलणारा जोर ज्या बिंदूतून जातो, त्याला मेटासेंटर म्हणतात. गोल तळाच्या नावेत हा बिंदू नेहमी गोलाच्या मध्यावरच राहतो, नाव कितीही बुडो. गुरुत्वमध्य त्याच्या जितका खाली, तितकी नाव सरळ व्हायला उतावीळ. म्हणजे आपल्याला फक्त गुरुत्वमध्य कुठं आहे ते सांभाळायचं.

१४ डिसेंबर, रविवार

पाण्याच्या टाकीत पहिली चाचणी. टाकी अरुंद, पण आडवी डोलण्यापुरती पुरली. काठांवर १६ मिमीच्या दोन सळ्या बांधल्या, वजन भरून एकूण साडेनऊ किलोच्या आत ठेवलं. दहा झोक्यांना १२ सेकंद. म्हणजे एक झोका १.२ सेकंदाचा.

हा आकडा नावेचा स्वभाव आहे. तुम्ही तिला जोरात ढकला की हळू, झोका तेवढ्याच वेळाचा. झोपाळ्यासारखं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८६१ साली हेच मांडलं. लाटांचा ताल आणि जहाजाचा स्वतःचा ताल जुळला, की लाट लहान असली तरी जहाज वाढत वाढत कलतं. जहाज लाटेच्या आकाराला तितकं घाबरत नाही, जितकं तिच्या वेळेला.

मोजणी अशी ठरवली : १५ अंश कलवून सोडायचं, आणि हेलकावा २ अंशांच्या खाली येईपर्यंत किती झोके लागतात ते मोजायचं. अंश मोजायला भाचीचा मोबाइल मध्यभागी चिकटवला. आमचं फिरतं चाक म्हणजे जायरोस्कोप. मोबाइलच्या आतही तो असतो म्हणे. पण त्यात चाक नाही, सिलिकॉनचा बारीक तुकडा थरथरत असतो. इतकी वर्षं खिशात घेऊन फिरतोय आणि माहीत नव्हतं.

आमची गव्हाण : ११ झोके. गोल पाइप, पाण्याला धरायला काहीच नाही, डोलतोय आपला डोलतोय.

मग तळाच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या लावल्या. याला बिल्ज कील म्हणतात. नाव डोलताना पट्टी पाणी ढवळते, त्यात झोक्याचा जोर खर्च होतो. ६ झोके. ना मोटर, ना तेल, ना बिल. फ्रूडनं १८७० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या ग्रेहाउंड जहाजावर यांची चाचणी घेतली होती, आणि आजही बहुतेक जहाजांच्या पोटाला त्या असतात. खरं तर प्रोजेक्ट इथंच संपायला हवा होता. चारशे रुपयांत निम्मं काम झालं.

पट्ट्या काढल्या. चाकाचं काम स्वच्छ दिसायला हवं.

१९ डिसेंबर

चाक टर्न केलं. पितळ घेतलं, कारण लोखंडापेक्षा थोडं जड आणि लेथवर लोण्यासारखं चालतं. ८० मिमी व्यास, १५ मिमी जाडी, वजन काट्यावर ६४० ग्रॅम. आर्बर, म्हणजे मधला दांडा, दाबून बसवला, दोन्ही बाजूंना ६०८ नंबरची बेअरिंगं, ड्रोनची बीएलडीसी मोटर खालून.

भाचीनं शेवटचा फेस स्वतः मारला. पहिल्या वेळी फीड जास्त दिला, टूल किंचाळलं, पृष्ठभागावर लाटा उमटल्या. "मामा, समुद्र झाला." दुसऱ्या कटात साफ आला. डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना चाक किती डगमगतं ते, पाहिलं. मिलिमीटरचे तीन शतांश. मला दोन हवा होता. ती म्हणाली प्रोजेक्टला चालेल. चालणार नाही हे मला माहीत होतं, पण रात्रीचे साडेनऊ झाले होते.

२१ डिसेंबर, रविवार

चालला नाही. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर चाकानं असा घुमा काढला की बाकावरचा चहाचा कप चालत चालत कडेला गेला. धार लावायच्या चाकाचं बॅलन्सिंग करायला दोन समांतर पट्ट्यांचा स्टँड असतो, तो शेजारून आणला. चाक आर्बरवर ठेवलं की जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथं खूण, ड्रिलनं टिचभर माल काढायचा, पुन्हा ठेवायचं. चौदा वेळा केलं. आता कुठंही ठेवा, तिथंच थांबतं.

संध्याकाळी भाचीनं विचारलं, "हे चाक नावेला धरणार कसं?" वहीत समीकरण होतं, पण ते तिच्या हातात नव्हतं. मी हँड ग्राइंडर दिला. चालू कर, दोन्ही हातांनी धर, आणि आता झटकन वळव. तिनं वळवला आणि दचकली. ग्राइंडर वळवल्या बाजूला सरळ जात नाही. काटकोनात तिसरीकडेच ओढ घेतो. शेडमधल्या प्रत्येक पोराला हे मनगटानं माहीत असतं, नाव माहीत नसतं. याचं नाव प्रिसेशन.

आता नावेत. चाक जात्यासारखं आडवं, आस उभी. ते एका फ्रेममध्ये, आणि फ्रेम दोन पिनांवर, अशी की ती नावेच्या पुढं-मागं मान हलवू शकेल. नाव उजवीकडे कलायला लागली की चाक काटकोनात ओढ घेतं, फ्रेम मान तुकवते. आणि फ्रेम मान तुकवते, म्हणजे चाक पुन्हा एकदा वळवलं गेलं. त्याची ओढ पुन्हा काटकोनात, आणि ती येते नेमकी कलण्याच्या उलट. दोनदा काटकोन, म्हणजे उलटी दिशा.

हे मला पन्नाशीत कळलं. तिला साडेसात मिनिटांत. पिढीचा फरक.

२४ डिसेंबर

पिना चुकीच्या दिशेनं लावल्या होत्या. फ्रेम पुढं-मागं हलायच्या ऐवजी डावी-उजवीकडे हलत होती. नाव डोलली की चाक आपलं खाली लोंबतं, नावेशी काही देणंघेणं नाही. पाळण्यात तान्हं बाळ जसं. टाकीत ११ चे ११ झोके. ब्रॅकेट काढून काटकोनात फिरवलं, चार नवीन भोकं.

२८ डिसेंबर, रविवार. निफाडजवळ

दाजींच्या मळ्यात आलो. शेततळं मोठं, प्लास्टिक अंथरलेलं, द्राक्षबागेसाठी भरून ठेवलेलं. पहाटे इतकी थंडी की दाजी बागेत शेकोट्या पेटवून बसले होते. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिक शेवाळानं निसरडं झालेलं असतं, पाय गेला तर माणूस वर येऊ शकत नाही. म्हणून आधी दोन दोर बांधले, ट्यूब टाकली, मग नाव. हे लिहून ठेवतो, कारण भाचीच्या गटातले ते तिघं आज पहिल्यांदा आले आणि थेट काठावर सेल्फी काढायला गेले.

पहिली चाचणी : चाक ४००० फेऱ्यांवर, फ्रेमला स्क्रू मारून घट्ट बांधलेली. सगळ्यांची खात्री, की इतकं जोरात फिरणारं चाक नावेला हलूच देणार नाही. भोवरा पडत नाही ना, तसं. १५ अंश, सोडली. ११ झोके. चाक बंद असताना जेवढे, तेवढेच. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे होते. एक जण म्हणाला मोटर उलटी फिरतेय बहुतेक.

मोटर बरोबर होती. फ्रेम बांधली की पहिला काटकोन होतो, दुसरा होत नाही. चाकाची ओढ पिनांवर जाते, नावेचं नाक वर-खाली करायला बघते, आणि लांबीच्या दिशेनं नाव कुठं हलते एवढ्याशानं.

दुसरी चाचणी : स्क्रू काढला, फ्रेम एकदम मोकळी. सोडली, आणि खाड्. फ्रेम एका झटक्यात ४५ अंशांच्या अडकणीवर जाऊन आदळली. नाव दचकली. परत येताना खाड्, दुसऱ्या अडकणीवर. खाड्, खाड्, खाड्, दाराची कडी वाऱ्यावर आपटावी तसं. दाजी शेकोटीवरून उठून आले. "पाव्हणं, काय लोहारकाम चाललंय पाण्यात?" मोजमाप काही घेता आलं नाही. सहाव्या झटक्याला एका पिनेचा नट उडाला आणि तळ्यात गेला. तो अजून तिथंच आहे.

२९ डिसेंबर

नट आणायला जाताना डोक्यात तेच. बांधलं तर काम नाही, सोडलं तर आपटतं. रात्री वाचत बसलो.

जर्मन इंजिनिअर ओटो श्लिक यानं हे पहिल्यांदा खऱ्या नावेवर केलं. १९०६ साली, झेबेर नावाच्या जुन्या टॉर्पेडो बोटीवर. चाक १ मीटर व्यासाचं, साधारण अर्ध्या टनाचं, मिनिटाला १६०० फेरे, वाफेवर फिरणारं. पंधरा अंशांच्या आसपासचे हेलकावे अंश-दोन अंशांवर आले. आकडे सगळीकडे हेच लिहितात. पण त्याच्या यंत्राच्या चित्रात मला दुसरंच दिसलं. फ्रेमच्या पिनेवर ब्रेक आहे! आणि फ्रेमच्या खाली वजन, ती मध्यावर परत यावी म्हणून. चाकाच्या वजनावर सगळे बोलतात, ब्रेकबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणजे असं आहे. फ्रेमनं मान तुकवायची, पण सावकाश, जोर लावून. नावेच्या हेलकाव्यातली ताकद त्या ब्रेकमध्ये जाऊन गरम होऊन संपते. चाक स्वतः काही खात नाही, ते फक्त नावेच्या डोलण्यातला जोर उचलून ब्रेकच्या तोंडात देतं. स्कूटरच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल काढून टाका आणि फक्त स्प्रिंग ठेवा, तेच आमचं काल झालं.

४ जानेवारी, रविवार

सायकलच्या ब्रेकचं रबर, स्प्रिंगनं पिनेच्या ड्रमवर दाबलेलं. खाड् बंद झालं. १५ अंशांवरून चार झोक्यांत ६ अंशांवर, वा. आणि मग ६ अंशांवरून पुढं? काही नाही. छोट्या हेलकाव्यात चाकाला रबर सरकवण्याइतकी ओढच येत नाही, ते चिकटून बसतं आणि फ्रेम बांधल्यासारखी होते. स्प्रिंग ढिली केली तर मोठ्या हेलकाव्यात खाड्.

कोरडा ब्रेक नको. ओढ जास्त तेव्हा जास्त अडवणारा, कमी तेव्हा कमी अडवणारा पाहिजे. तेल.

९ जानेवारी

डॅम्पर, म्हणजे तेलाचा ब्रेक, टर्न केला. ५० मिमीचं सिलिंडर, बाहेर कप, मध्ये अर्धा मिमी फट, त्या फटीत घट्ट तेल. भाचीनं हिशोब काढला, की वीस हजार सेंटिस्टोकच्या आसपासची घट्टता हवी. सेंटिस्टोक हे तेलाच्या घट्टपणाचं माप. मी ग्रीस म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही, बरं झालं. रिमोटवर पळणाऱ्या खेळण्यातल्या रेसिंग गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये सिलिकॉन ऑइल घालतात, त्याच्या बाटल्यांवर सेंटिस्टोकचे आकडे छापलेले असतात. तीन मागवल्या : ५ हजार, २० हजार आणि १ लाख. १ लाखवालं तेल म्हणजे काकवी.

१४ जानेवारी

संक्रांत. पार्सल आलं, पण भाची येवल्याला मैत्रिणीकडे पतंगाला. तिळगूळ खाऊन झोपलो.

१८ जानेवारी, रविवार. निफाडजवळ

आजचा दिवस नीट लिहितो.

१ लाखचं तेल : ५ झोके. फ्रेमला खूण केली होती, ती जेमतेम तीन-चार अंश मान हलवते. जवळजवळ बांधलेलीच.

५ हजारचं : ६-७ अंशांपर्यंतचे हेलकावे जागच्या जागी विरतात, बघत राहावं. पण १५ अंशांवरून सोडली की फ्रेम अडकणीवर जाते, आणि खाड्.

२० हजारचं : दीड झोका.

दीड. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. नाव कलवली, सोडली, ती सरळ आली, थोडी पलीकडे गेली, आणि थांबली. पाण्यावर तिच्यापासून निघालेलं एकच वर्तुळ काठापर्यंत गेलं. फ्रेम वीसेक अंश पुढं झुकली होती, ती सावकाश, दारावरचा क्लोजर दार लावतो तशी, मागं आली. पुन्हा केलं. दीड. तीन वेळा, दीड, दीड, आणि एकदा त्याहून थोडं जास्त, कारण माझा हात लागला.

मग लाटा. दाजींनी फवारणीचं रिकामं दोनशे लिटरचं पिंप काठाशी पाण्यात वर-खाली दाबायला घेतलं. भाची मोबाइलवर ताल देत होती, दर १.२ सेकंदाला एक. चाक बंद : लाट वीतभरही नाही, पण दहाव्या-बाराव्या लाटेला नाव २२ अंश कलली आणि काठावरून पाणी आत आलं. फ्रूडचं म्हणणं पायाशी दिसलं. मग चाक चालू, तोच ताल, तेच दाजी : ५ अंश. दाजींनी इरेला पेटून पिंप आणखी जोरात दाबलं, तरी ६. "आता नाही हलत ती," असं म्हणून त्यांनी पिंप सोडलं आणि कंबर धरली.

चाकाचं वजन ६४० ग्रॅम, नाव साडेनऊ किलोची. पंधरावा हिस्सा. हे लक्षात ठेवायला हवं, पुढं उपयोगी पडेल.

२२ जानेवारी

बेअरिंगचा आवाज. बदललं.

२५ जानेवारी, रविवार. निफाडजवळ

इटलीचं कोंते दि सव्होया हे प्रवासी जहाज १९३२ साली न्यूयॉर्कला जायला लागलं. त्यात तीन प्रचंड जायरो होते, एकेक चाक शंभर टनांच्या वर. ही अमेरिकेच्या एल्मर स्पेरीची पद्धत. श्लिकचं चाक जहाज कललं की आपणहून झुकायचं. स्पेरीनं एक छोटा जायरो पहारेकरी ठेवला. कलायला सुरुवात झाली, की तो मोटरला सांगणार आणि मोटर मोठ्या चाकाची फ्रेम वळवणार. १९१७ साली सेवेत आलेल्या हेंडरसन या अमेरिकन सैनिकवाहू जहाजावरही प्रत्येकी २५ टनांची दोन चाकं होती. जाहिरातीत कोंते दि सव्होयाला समुद्र लागत नाही असंच चित्र. पण युरोपकडे परतताना, जिथं डोलणं लांब, संथ असायचं, तिथं ही यंत्रणा बंद ठेवायचे. कारण जहाज एका अंगावर कललं की तिथंच लटकून राहायचं.

भाची म्हणाली, आपण लटकवून बघू.

सळ्या काठावरून काढून बारा सेंटिमीटर उंच खांबांवर बांधल्या. गुरुत्वमध्य वर, नाव आळशी झाली, झोका ३ सेकंदांच्या वर. चाक बंद ठेवून ६ अंशांवरून सोडली, की पाऊण सेकंदात सरळ होऊन पलीकडे जाते. आता ५ हजारचं तेल, चाक चालू. सोडली.

ती आली नाही. म्हणजे आली, पण इतक्या हळू, की आधी वाटलं दोर अडकलाय. पुरे ३ सेकंद ती एका अंगावर रेलून, तसूतसूनं वर येत होती. तिला सरळ व्हायचं होतं, चाक होऊ देत नव्हतं. चाकाला काय कळतं, कलणं वाईट आणि सावरणं चांगलं? त्याला फक्त हलणं कळतं, आणि ते दोन्हीकडच्या हलण्याला सारखंच अडवतं. त्या ३ सेकंदांत बाजूनं दुसरी लाट आली असती, तर गव्हाण पालथी. आमचं यंत्र स्पेरीसारखं मोटरचं नाही, तेव्हा हुबेहूब तेच घडलं असं म्हणणार नाही. पण त्या कप्तानानं बटण का बंद केलं असेल, ते माझ्या पोटाला कळलं.

एका काठावर अर्धा किलोचं वजन ठेवून पाहिलं. नाव कलली आणि तशीच राहिली, चाक गप्प. स्थिर कलण्याशी त्याचं काहीच नातं नाही. वाऱ्यानं कललेलं किंवा माल एका बाजूला सरकलेलं जहाज जायरो सरळ करू शकत नाही. हे रिपोर्टात ठळक अक्षरात जाऊ दे.

३० जानेवारी

सरांनी विचारायच्या प्रश्नांची तयारी चालू आहे. पहिला प्रश्न ठरलेला : इतकं चांगलं आहे, तर मोठ्या जहाजांत का नाही?

उत्तर वजनात आहे. शंभर टनांची तीन चाकं, त्यांच्या फ्रेमा, बेअरिंगं, मोटरी, आणि ते सगळं जहाजाच्या पोटात, जिथं माल किंवा माणसं बसली असती. त्याऐवजी जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परासारखे दोन फिन लावायचे. जहाज डावीकडे कललं, की डावा फिन पाण्याला खाली दाबतो, उजवा वर. विमानाच्या पंखाचंच काम. जपानमध्ये मोतोरा यांनी १९२० च्या दशकात हे केलं, आणि १९३६ साली आइल ऑफ सार्क या इंग्लिश खाडीतल्या फेरीबोटीवर डेनी-ब्राउन पद्धतीचे फिन बसले. पुढं क्वीन एलिझाबेथ आणि क्वीन मेरी या जुन्या जहाजांनाही १९५० च्या दशकात फिन लावले. गंमत अशी, की फिनला कधी आणि किती वळायचं ते सांगणारा आत छोटा जायरोच असतो. मोठ्या चाकाची नोकरी गेली, पहारेकऱ्याची राहिली.

पण फिनचा जोर पाण्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग निम्मा, तर जोर पाव. जहाज उभं, तर साधा फिन म्हणजे नुसती पाटी. उभ्या जहाजासाठी पाण्याच्या टाक्या असतात. या बाजूपासून त्या बाजूपर्यंत यू आकाराची टाकी, आतलं पाणी जहाजाच्या डोलण्याच्या मागे-मागे असं धावतं, की ते नेहमी वर येणाऱ्या अंगाला जड करतं. ही जर्मनीच्या हेर्मान फ्रामची कल्पना, १९१० च्या सुमारास. त्याआधी फिलिप वॉट्सनं इन्फ्लेक्सिबल या ब्रिटिश युद्धनौकेवर पाण्याच्या कोठ्या करून पाहिल्या होत्या.

आणि मालवणच्या माझ्या होडीला काय? ती उभी होती. फिन असते तरी पोहे गेलेच असते. चालत्या होडीला पाणी थोडंफार धरून ठेवतं, शिवाय नावाडी लाट अंगावर आडवी घेत नाही. धक्क्यापाशी थांबलेली होडी आडवी पडते आणि लाट तिच्या कुशीत बसते. म्हणून आता छोट्या बोटींत, गस्तीच्या आणि हौशी बोटींत, चाक परत आलंय. चाक हवाबंद गोळ्यात ठेवतात, आतली हवा काढून टाकतात, म्हणजे हवेचा अडथळा नाही आणि फेरे कितीतरी वाढवता येतात. फेरे वाढले, की तेवढाच जोर कमी वजनात मिळतो. आमच्या पंधराव्या हिश्श्याला तिथं कुणी उभं करणार नाही. आणि फ्रेमवर हायड्रॉलिक ब्रेक, ज्याला कॉम्प्युटर क्षणाक्षणाला घट्ट-सैल करतो. श्लिकचा ब्रेक, फक्त आता त्याला डोकं आहे.

आम्हाला ते डोकं करता आलं असतं का, असं भाची विचारत होती. आलं असतं. पण मग तिला तेल कळलं नसतं.

५ फेब्रुवारी

कॉलेजात सादरीकरण. मला आत येऊ देतील असं वाटलं नव्हतं, पण नाव उचलायला कुणी नव्हतं.

लॅबमधल्या लांब टाकीत गव्हाण सोडली. चाकावर अ‍ॅक्रिलिकचं झाकण, बाहेर फक्त फ्रेमची दांडी. भाची एका हातानं काठ दाबून लाट देत होती, दुसऱ्या हातानं स्लाइड. सरांनी पाच-सहा मिनिटं शांतपणे ऐकलं, मग त्यांना ती पुढं-मागं हलणारी दांडी खटकली. "ही फ्रेम सैल आहे. घट्ट करा ना," असं म्हणत त्यांनी पुढं वाकून दांडी बोटानं दाबून धरली.

नाव डोलायला लागली. त्यांनी बोट काढलं. दांडी एकदा झुकली आणि नाव थांबली. त्यांनी भाचीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, काठ दाबत राहिली. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. पाणी टाकीच्या काचेवरून उडून त्यांच्या शर्टावर आलं. बोट काढलं, थांबली. असं तीन-चारदा. नंतर ते बोट ठेवून, थोडं सैल सोडून, थोडं दाबून, नाव कुठं सगळ्यात लवकर थांबते ते चाचपडत राहिले. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन लावावं तसे.

मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "हे तेल कुठं मिळालं?"

भाचीनं खेळण्यातल्या गाड्यांचं सांगितलं.

"किती नंबरचं म्हणालीस?"

"वीस हजार, सर."

त्यांनी तो आकडा लिहून घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार

दाजींचा फोन. शेततळ्यातलं पाणी बागेला सोडलंय, पातळी बरीच खाली गेलीय. नट सापडला.